अकरा सेकंदांची माय

ढवळे आमच्या घरी आले तो सोमवार होता, त्यामुळे चहा त्यांना एकट्यालाच घ्यावा लागला.

"आमच्या वन्संकडे बघू नका," वहिनीने कप पुढे करत सांगून टाकलं. "सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, बुधवारी पांडुरंग, गुरुवारी दत्त. एका वारालाही सुट्टी नाही. दिवे लागल्यावर काय ते एकदा जेवतात."

'वन्सं' हा तिच्या आजीच्या काळचा शब्द. मला चिडवायचं असलं की ती तो मुद्दाम वापरते.

ढवळे पुण्याचे. साक्षीपट करतात. साक्षीपट म्हणजे काय हे आता मिरजेतसुद्धा कोणाला सांगावं लागत नाही. पूर्वी पळवून नेलेल्या माणसांच्या हकिकतींवर सिनेमे व्हायचे तेव्हा त्यात नट असायचे, खोटी खोली, खोटं रक्त. आता सुटून आलेल्या माणसाच्या आठवणीतूनच चित्रं काढतात. खोली खरी, दार खरं, दारातून आत येणारे बूट खरे. वहिनी दर शुक्रवारी बघते. एकदा मी तिच्या शेजारी बसले आणि पाच मिनिटांत उठून देवघरात गेले. तिने आवाज कमी केला, बंद मात्र केलं नाही.

"मैथिलीताई," ढवळे म्हणाले, "तुमची केस मी पूर्ण वाचलीय. नऊ वर्षांची मुलगी, तेवीस दिवस, आणि स्वतःच्या हिमतीने सुटका. तुमची तयारी नसेल तर मी हा चहा पिऊन निघतो."

"स्वतःच्या हिमतीने नाही," मी म्हणाले. "तिथे एक बाई होती."

त्यांनी मान हलवली. कागदांत ते लिहिलेलं होतंच, आणि त्याखाली काय शेरा आहे तेही मला माहीत होतं.

"तिचा चेहरा दिसेल?" मी विचारलं.

"तुम्हाला आठवत असेल, तर दिसेल."

मी सही केली. वहिनी नंतर म्हणाली, एवढ्या पटकन तर तू भाजीसुद्धा निवडत नाहीस.

*

बत्तीस वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर दोन माणसांनी मला गाडीत घातलं आणि तासगावच्या बाजूला एका बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. हंगाम संपला होता. शेडच्या मागे गंधकाची धुरी द्यायची एक खोली होती. चारी बाजूंनी बंद, वर धूर जायला झरोका. तिथे ती आधीपासून होती. खानदेशातून द्राक्षाच्या छाटणीला आलेली, मुकादमाने फसवून कोणाला तरी दिलेली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, तिच्या बोलण्यावरून नंतर जुळवलं. नाव विचारलं तर म्हणाली, "माले माय म्हण."

दिवसातून एकदा दाराखालून एक ताट सरकायचं. एका ताटात एक भाकरी, कधी थोडा भात. दोघींना मिळून तेवढंच.

"मना आज उपास शे," ती म्हणायची. "तू खाई ले."

दुसऱ्या दिवशीही उपासच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, रोज कसा उपास? ती म्हणाली, "रोजना देव येगळा, पोरी." मला ते पटलं. आमच्या घरी आईचे चतुर्थी, एकादशी, शनिवार असे उपास चालायचेच. ही आपल्यापेक्षा जास्त भाविक असेल असं मला वाटलं. मी सगळी भाकरी खायची. ती पाणी प्यायची आणि माझी वेणी घालून द्यायची.

तेविसाव्या दिवशी तिने मला उचलून झरोक्यातून बाहेर काढलं. रस्त्यावर दुधाच्या टँकरवाल्याने मला घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलीस पोचले तेव्हा खोली रिकामी होती. एक ताट, एक गोधडी, बस. तपासाच्या साहेबांनी मला मांडीवर घेऊन प्रेमाने विचारलं, "बाळ, ती बाई जेवायची कुठे?"

"ती जेवायची नाही," मी अभिमानाने सांगितलं. "तिला रोज उपास असायचा."

साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी लिहिलं: भीतीपोटी कल्पनेतली सोबत. जी बाई तेवीस दिवस जेवत नाही ती खरी कशी असेल?

तिचा शोध कोणी घेतलाच नाही. माझ्या एका वाक्यामुळे. मोठी झाल्यावर मी स्वतः दोनदा धुळ्याला जाऊन आले, पण नाव नाही, फोटो नाही, कोणाला काय विचारणार? ती आहे की गेली हे ठाऊक नाही. त्यामुळे तिच्यासाठी दिवा लावायचा तो कोणत्या भावनेने, हेही ठाऊक नाही. मी एवढंच केलं, की तिचे वार धरले आणि रोज पूजेनंतर डोळे मिटून तिचा चेहरा आठवला. बत्तीस वर्षांत एकही दिवस चुकवला नाही.

*

पुण्याला ढवळेंच्या स्टुडिओतलं स्मृतिवाचक यंत्र ब्यूटी पार्लरमधल्या केस धुण्याच्या खुर्चीसारखं दिसतं. डोकं मागे टेकायचं आणि पडून राहायचं. ते चालवणाऱ्या डॉ. शर्वाणी कुरणे माझ्याहून लहान, केस आखूड, बोलणं शिक्षिकेचं.

"आपण काही बघतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात एक नक्षी उमटते," त्यांनी मला सांगितलं. "तीच गोष्ट आठवली, की तीच नक्षी पुन्हा उमटते, फक्त फिकट. यंत्र आधी तुमच्या नक्ष्या शिकतं, मग फिकट नक्षीवरून चित्र ओळखतं."

त्या शिकवणीला आठ दिवस लागले. हजारो चित्रं दाखवली: तांब्या, सायकल, शेळी, फणस, रडणारं बाळ, हसणारं बाळ. संध्याकाळी डोळे मिटले तरी फणस दिसायचे.

नवव्या दिवशी खोली काढली. मला तेव्हा पडदा दाखवत नाहीत. वहिनी काचेपलीकडे बसून बघत होती. तिने नंतर सांगितलं, भिंतीवरचे गंधकाचे पिवळे ओघळसुद्धा आले, दाराची कडी आली. ते ओघळ मी कधी कोणाला सांगितले नव्हते. मला वाटलं, आता चेहरा येणारच.

दहाव्या दिवशी मी तिला आठवलं, रोज आठवते तशी. दीड तास लागला. ताण नको म्हणून कुरणेबाईंनी चित्र मला लगेच दाखवायचं नाकारलं, पण वहिनीचा आवाज काचेतूनही ऐकू आला.

"अगं बाई! या तर आई!"

मी उठून बसले आणि पडद्याकडे बघितलं. बसकं नाक, उजव्या भुवईतली खोक, हनुवटीवरचा तीळ. सहा वर्षांपूर्वी गेलेली माझी आई माझ्याकडे बघत होती.

*

ढवळेंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. माणूस वाईट नाही.

"ताई, हे फार मोठं आहे," ते म्हणाले. "एक लहान मुलगी अंधाऱ्या खोलीत स्वतःची आई निर्माण करते. ती आई जेवत नाही, कारण ती नाहीच. प्रेक्षकाला हे शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. अख्खं थिएटर श्वास रोखून बसेल."

"बसेल ना," वहिनी म्हणाली. "आणि नऊ फुटांवरच्या झरोक्यात हिला चढवली कोणी? मारुतीने?"

"शेडमध्ये बेदाणे वाळवायला जाळीच्या मांडण्या असतात. त्यावर चढता येतं."

"त्या खोलीत मांडण्या नव्हत्या," मी म्हणाले.

"तुम्हाला तसं आठवतंय, ताई," ढवळे हळूच म्हणाले.

वहिनी उभीच राहिली. "अहो, शुक्रवारी तुमचे सिनेमे बघते मी, दोनशे रुपये मोजून! तेव्हा सांगता, आठवण म्हणजे पुरावा. आणि आमच्या मुलीची आठवण तेवढी खोटी होय?"

मी तिला घरी घेऊन आले. म्हणजे तिनेच मला आणलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर डोळे मिटले, तर आईच दिसली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आई. आदल्या दिवसापर्यंत जो चेहरा मला रोज दिसत होता, निदान दिसतो असं वाटत होतं, तो गेला होता. फूल वाहायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. बाई नव्हतीच, तर मी हे वार कोणाचे धरत होते? देवाचे, असं म्हणायला तोंड होतं. पण देवाला खोटं कसं सांगू? मला देव हवा होता तो तिच्यासाठी काही मागायला.

*

चार दिवसांनी कुरणेबाईंचा फोन आला.

"तुम्ही तो चेहरा किती वेळा आठवलात?" त्यांनी विचारलं.

"रोज. बत्तीस वर्षं."



"मैथिलीताई, आठवण पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी नसते. दर वेळी आठवलं, की ती ओली होते, मातीसारखी. साधारण सहा तासांनी पुन्हा वाळते. त्या वेळात जवळ जे असेल त्याचा ठसा तिच्यावर पडतो. तुम्ही पूजा करून तिला आठवायचात. तेव्हा जवळ कोण असायचं?"

"आई," मी म्हणाले. "आई गंध उगाळून द्यायची."

"म्हणून ती आत आली. जी आठवण सगळ्यात जास्त जपली, ती सगळ्यात जास्त झिजते. बाई नव्हती असं यातून सिद्ध होत नाही. ढवळेंना मी तेच सांगितलं, पण त्यांना शेवट सापडलाय."

आमच्या देवघरात पणजीची पितळी अन्नपूर्णा आहे. रोज चिंच लावून घासून घासून तिचे नाकडोळे कधीच गेले. भक्ती कमी पडली म्हणून गेले असं कोण म्हणेल? 

"मला सांगा," कुरणेबाई म्हणाल्या, "त्या तेवीस दिवसांतलं असं काही आहे का, जे तुम्ही कधीच आठवलेलं नाही? मुद्दाम टाळलेलं? ते झिजलेलं नसेल."

होतं. झरोक्यातून बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं होतं. खाली ती होती आणि तिचे दोन्ही हात माझ्याकडे वर केलेले होते. मी पळाले. ते हात मला ओढून घे म्हणत होते की काय, या भीतीने मी पुन्हा कधी तिथे गेले नव्हते. नऊ वर्षांची मुलगी तिला ओढून काढू शकली नसती, हे कळतं. पण कळून काय होतं?

"एकदा उघडलं, की तेही ओलं होणार," कुरणेबाईंनी बजावलं. "आणि तिथे काहीच निघालं नाही, तर तुमच्याकडे शंकासुद्धा उरणार नाही. हे सत्र करारात नाही. मी रविवारी, माझ्या जबाबदारीवर करेन. विचार करून सांगा."

मी विचार केला नाही. रविवारी सकाळची पहिली बस पकडून गेले.

*

फक्त अकरा सेकंदांचं चित्र निघालं. या वेळी मात्र कुरणेबाईंनी सहा तास मला पडदा बघू दिला नाही. एका पांढऱ्या खोलीत बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, कोणी बोलायला नाही. मी नामस्मरणही केलं नाही. त्यावर कशाचाच ठसा नको होता, देवाचाही.

संध्याकाळी त्यांनी चित्र लावलं. वरून खाली बघितल्यासारखं. अंधार, त्यात वर आलेले दोन हात. चेहरा सावलीत, नुसतं कपाळ आणि विस्कटलेला भांग. पण झरोक्याचा उजेड हातांवर पडला होता. हात इतके बारीक, की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. आणि डाव्या हातावर हिरवं गोंदण: तुळशीचं रोप, शेजारी अक्षरं. पहिलं 'को', शेवटचं 'ळा', मधलं धूसर.

"आईच्या हातावर गोंदण होतं?" कुरणेबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे कोणाच्याच नाही."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बेपत्ता व्यक्तींच्या जुन्या नोंदी उघडल्या. त्या वर्षी, खानदेशाच्या तीन जिल्ह्यांतल्या बायका, ओळखीची खूण गोंदण. वीस मिनिटांत एक नोंद वर आली. कोकिळाबाई, वय सव्वीस, तालुका साक्री. डाव्या हातावर तुळस व स्वतःचं नाव. तक्रार वडिलांची. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: अद्याप मिळून आली नाही.

ती होती. मी दोन्ही हात जोडले, पण कोणाला ते मला सांगता येणार नाही.

*

योगिता, कोकिळाबाईंची मुलगी, साक्रीजवळच्या सौरप्रकल्पात सौरपट्ट्या पुसणाऱ्या यंत्रांची देखभाल करते. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आजोबांनी वाढवलं. मी बसमधून उतरले तेव्हा ती कामाच्या निळ्या कपड्यांतच घ्यायला आली होती. नोंदीतल्या पत्त्यावरून तिला शोधून फोनवर मी थोडक्यात सांगितलं होतं. तिने फार काही विचारलं नव्हतं, फक्त "या" म्हणाली होती.

प्रकल्पाला लागूनच असलेल्या तिच्या घरात शिरल्यावर तिने भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. लग्नातला असावा. गोल चेहरा, मोठे डोळे, पुढचे दात किंचित वर. मी खूप वेळ बघितलं. अनोळखी बाई होती. जिच्यासाठी मी बत्तीस वर्षं जगले ती रस्त्यात समोर आली असती, तर मी बाजूला होऊन तिला वाट दिली असती.

"हीच ना?" योगिताने विचारलं.

"हात बघायला हवे होते," मी म्हणाले. फोटो छातीपर्यंतच होता.

ती समोर बसली. "माय तिथं जेवायची का हो, ताई?"

या प्रश्नाची मला येताना सगळ्यात जास्त भीती वाटत होती. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण मी तिथे तिची भाकरी खाऊन वाचलेली, आता आणखी काय लपवणार?

"नाही," मी म्हणाले. "मला द्यायची. तिला रोज उपास असायचा."



"उपास? मायला?" योगिता म्हणाली. "आजोबा सांगायचे, तिला भूक जराही सोसायची नाही. एकादशीला सगळं घर उपाशी आणि ही चुलीमागं बसून भाकर खायची. आजी मारायची तिला. आयुष्यात एक उपास धरला नाही बाईनं."

 ती उठली, आत गेली आणि ताट वाढून आणलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, कांदा. तो गुरुवार होता आणि सूर्य चांगला हातभर वर होता. मी जेवले. सगळं ताट संपवलं. ती समोर बसून मला जेवताना बघत होती.

साक्रीला येताना बसमध्ये ढवळेंचे दोन फोन आले होते, कुरणेबाईंकडून त्यांना कळलं होतं. त्यांना आता शेवट बदलायचा होता. बाई खरी निघाली हे तर आणखी मोठं आहे, म्हणाले. मी सांगितलं, ती अकरा सेकंदं माझी नाहीत, ज्यांची आहेत त्यांना विचारा. ते मी योगिताला सांगितलं. ती म्हणाली, "आधी मला तर बघू द्या."

कुरणेबाईंनी ते चित्र पडदा असलेल्या एका छोट्या पाटीवर घालून दिलं होतं. मी ती तिच्यासमोर ठेवली आणि तोंड वळवलं. तिची माय एका परक्या पोरीला उचलून बाहेर काढत होती आणि ती परकी पोर मी होते. तिने एकदा बघितलं. मग पुन्हा लावलं. मग पुन्हा. बाहेर यंत्रं परत येऊन रांगेत लागल्याचा आवाज झाला, तिने मान वर केली नाही.

"हात खाली घेत नाही ती," बऱ्याच वेळाने योगिता म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "मला वाटायचं, ती मला बोलावतेय. मला ओढून घे म्हणतेय. आणि मी पळाले."

"नाही हो, ताई." तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "तुम्हाला लेकरू नाही, म्हणून कळत नाही. पोर उचलून वर दिलं ना, की हात असेच राहतात थोडा वेळ. पडलं बिडलं तर म्हणून. माझेही राहतात." तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं. "मला काहीच आठवत नाही तिचं. मशीनला सांगितलं तर माझ्या डोक्यातून काय निघणार? काहीच नाही. मलाही अशीच उचलत असेल, नाही?"

"अशीच," मी म्हणाले. "यात दिसत नाही ते सांगते. आधी ती खाली बसली. मग काखेत दोन्ही हात, अंगठे पुढे. उचलताना श्वास रोखला आणि मी वर गेल्यावर नाकाने सोडला, इथे, मानेवर लागला."

योगिताने पाटी बाजूला ठेवली. उठून माझ्यासमोर उभी राहिली. पस्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, निळ्या कपड्यांतली दणकट बाई. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले.

मी खाली बसले. तिच्या काखेत हात घातले, अंगठे पुढे ठेवले. श्वास रोखला आणि सगळा जोर लावून तिला उचललं.

जमिनीपासून बोटभर उचलली गेली असेल. तेवढ्यात ती मोठ्याने रडली, तीन वर्षांच्या मुलीसारखी. मी तिला खाली ठेवलं, पण हात मला लगेच खाली घेता आले नाहीत.